खर्जाचा रंग

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला सध्या एक निळं धड टांगलेलं आहे. समोरच्या इमारतीतले आजोबा दोन दिवस चष्मा पुसून पुसून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या वॉचमनकडे चौकशी केली. कोथरूडात कुणी बाल्कनीत बोकड टांगलाय आणि वर त्याला रंगही दिलाय, असं काहीसं त्यांना वाटलं असावं.

ती बेस गिटार आहे. म्हणजे तिची बॉडी. नेक, म्हणजे मान, कपाटावर आडवी पडली आहे, खुंट्या श्रीखंडाच्या डब्यात आहेत आणि पिकअप, पॉट, वायरी हे सगळं विजेचं सामान पिशवीत घालून पिशवीवर ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं आहे. आजवर अशा चार गिटारी मी सोलल्या, घासल्या, रंगवल्या आणि पुन्हा जोडल्या. ही पाचवी. वाजवण्यापेक्षा माझा जास्त वेळ घासण्यात जातो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. तिची सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. इतका खालचा स्वर मोबाइलच्या स्पीकरला पेलतच नाही. त्यामुळे फोनवर गाणी ऐकणाऱ्या निम्म्या जगाला आम्ही वाजवलेलं पोचत नाही, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना ते ऐकू येतंय हे कळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आचारी सापडत नाही, तसं स्टेजवरच्या फोटोत आमचं. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मला ही गिटार मिळाली तीही गुणांमुळे नव्हे. गिटार वाजवायला सहा मुलं तयार होती, बेस कुणालाच नको होता, आणि मी उशिरा पोचले होते.

तर ज्या वाद्याकडे कुणी बघत नाही, त्याला इतकं नटवायचं कशाला, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. उत्तर मला सुचत नाही. मी पॉलिश पेपर घेऊन बाल्कनीत जाते.

रंग लावणं हा या उद्योगाचा छोटा भाग. मोठा भाग आधीचा रंग काढण्याचा. स्वस्त गिटारींवर हल्ली पॉलिएस्टरचा थर असतो. तो इतका जाड आणि कडक, की पेपरने घासायला गेलं तर पेपर झिजतो, रंग नाही. मग हीट गन आणायची. एका जागी न थांबता गरम हवा फिरवत राहायचं. थोड्या वेळाने पापडाला येतात तसे फोड येतात, आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची पत्ती त्याखाली सरकवली की तळव्याएवढा पापुद्रा सुटून येतो. उन्हाने सोललेल्या पाठीचं कातडं काढताना जे घाणेरडं सुख मिळतं, तेच. वास मात्र जीवघेणा. चांगला मास्क नसेल तर या वाटेला जाऊ नये, आणि घरात लहान मूल असेल तर मास्क असूनही जाऊ नये.

खाली काय निघेल ते सांगता येत नाही. माझी तिसरी गिटार वरून आरशासारखी काळी, एकसंध होती. सोलल्यावर ती पाच तुकड्यांची निघाली, मध्ये लांबीचा एक भलामोठा डागही होता. काळा रंग का दिला होता ते कळलं. लाकूड होतं बासवुड. नावात ‘बास’ असलं तरी त्याचा बेसशी संबंध नाही. या झाडाच्या अंतर्सालीपासून दोर वळायचे, त्या वाखाचं इंग्रजी नाव झाडाला चिकटलं. मऊ, फिकं, नख रुतेल असं लाकूड. नेक जिथे बसते त्या खाचेत मात्र कारखान्यातल्या कुणीतरी पेन्सिलीने एक ठळक ‘बरोबर’ची खूण केली होती. पाच तुकडे, लांबीचा डाग, आणि वर बरोबर! ती खूण मी घासली नाही. खाच तशीही रंगवायची नसते. तिथे रंगाचा थर बसला तर नेक नीट बसत नाही.

मग रंग. बोहरी आळीतल्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “ड्यूको पाहिजे की पीयू?” पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कपाटं रंगवणारे कंत्राटदार ‘ड्यूको’ म्हणतात हे मला माहीत होतं, आणि मी तो शब्द आपल्याकडचाच समजत होते. पण तो अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाचा, ब्रँड. १९२३ साली हा रंग आला आणि मोटार रंगवायला जिथे काही आठवडे लागत तिथे दिवसांवर काम आलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर गिटारी बनवायला लागला, तेव्हा त्याने वाद्यांसाठी वेगळा रंग शोधला नाही. मोटारींचाच घेतला. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा रंग, लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा. असा खास रंग हवा असेल तर गिऱ्हाइकाला पाच टक्के जास्त द्यावे लागत. आज लोक ज्या रंगांपुढे हात जोडतात ते मुळात गॅरेजमधले डबे. आणि तो डबा नावापुरता का होईना, अजून बोहरी आळीत मागायला मिळतो. बहुतेक वेळा आत पीयूच असतं, ते सोडा.

हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी खर्ज वाजवायचा तर माणसाच्या उंचीचा, पडदे नसलेला डबल बेस उभा धरून बोटांच्या अंदाजाने वाजवावा लागे. फेंडरने तो आडवा केला, गळ्यात अडकवला आणि पट्टीवर पडदे ठोकले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. वाजवता न येणाऱ्या माणसाने हे केलं, हे वाचून मला फार धीर आला.

खरा धीर दिला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने. त्याच्याकडे रिकनबॅकर कंपनीची एक सुंदर लाल बेस होती. १९६७ मध्ये, त्या काळच्या हवेला साजेशी, त्याने ती रंगीबेरंगी करून टाकली. दोनेक वर्षांत ते सगळं घासून काढलं आणि उघड्या लाकडावर आला. म्हणजे रंग लावून पस्तावण्याची परंपराही चांगली मोठ्या घरची आहे.

रंगाने आवाज बदलतो का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पातळ लॅकरखाली लाकूड ‘श्वास घेतं’ म्हणे. भरीव इलेक्ट्रिक बेसचा पिकअप लोखंडी तारेची थरथर चुंबकाने टिपतो. लाकडाने श्वास घेतला काय किंवा सुस्कारा सोडला काय, त्याला काही पडलेली नाही. फार थोडा फरक पडत असेल तर तो माझ्या कानांच्या आवाक्याबाहेरचा आहे. आवाज बदलायचा तर तारा बदला. किंवा बदलू नका. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर ज्याची बेस आहे तो जेम्स जेमर्सन तारा तुटेपर्यंत बदलत नसे आणि एकाच बोटाने वाजवायचा.

एक बदल मात्र आवाज मुळापासून पालटतो, तो म्हणजे पडदे उपटणं. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाने आपल्या १९६२च्या, फेंडरच्याच, जॅझ बेसचे पडदे काढले, खाचा भरल्या आणि पट्टीवर होड्यांना लावतात तसला इपॉक्सी चढवला, कारण तारांच्या वेढ्यांनी लाकूड खरवडलं जातं. मी चौथ्या गिटारीवर हा प्रयोग केला. सोल्डरिंग गनने एकेक पडदा तापवायचा, म्हणजे आतला चिकटा सैल होतो, आणि पक्कडीने मिलिमीटर-मिलिमीटर वर घ्यायचा. घाई केली की लाकडाचा टवका निघतो. माझे सात निघाले. खाचांत फिक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्या, त्यामुळे सूर कुठे आहे ते निदान दिसतं तरी.

तारा चढवून पहिला स्वर धरला आणि मी एकदम मिरजेत पोचले. माझं माहेर तिथलं. शाळेची वाट सतारमेकर गल्लीवरून जायची. दारात भोपळे वाळत असायचे, आत कुणीतरी कापडाच्या बोळ्याने चपड्याचं पॉलिश गोल गोल फिरवत असायचं, आणि कोपऱ्यात एक म्हातारा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस मारून जवारी काढत बसलेला. थोडं घासायचं, तार छेडायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा घासायचं. तार घोडीच्या किंचित उताराला घासत राहते आणि स्वर उमलतो. बिनपडद्याच्या बेसवर तेच होतं. बोटापुढे तार सपाट लाकडाला निसटती चाटत जाते आणि स्वर ‘म्वाँ’ करत पसरतो. तिकडचे लोक त्या आवाजाला खरोखर ‘म्वा’च म्हणतात. आपल्याकडे त्याला केव्हापासून चांगलं नाव आहे.

बोटांखालची ती काळसर पट्टीही पुष्कळदा इथलीच असते. १९६०च्या दशकात ब्राझीलने आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात आवळली आणि जगभरच्या गिटारवाल्यांनी मोर्चा भारताकडे वळवला. इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसवी. २०१७ मध्ये या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर इतके निर्बंध आले, की सीमा ओलांडणाऱ्या वाद्यांचीही कागदपत्रं मागू लागले. तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९ उजाडलं. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या शिसवी पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या. “मग हा पाट कुणाला देऊ नकोस,” एवढंच म्हणाल्या.

आता अपयशाचं. दुसऱ्या गिटारीला मी श्रावणात लॅकर मारलं. सकाळी ऊन पडलं, मला वाटलं उघडीप आहे. अर्ध्या तासात काळ्याभोर रंगावर पांढरी साय धरली, काचेवर फुंकर मारावी तशी. ती पुसली जाईना. खालच्या मजल्यावर एका फ्लॅटचं फर्निचर चाललं होतं. तिथल्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना वर बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं.

“ताई, पावसाळ्यात लॅकर मारतात का? थिनर उडतो तसा पृष्ठभाग गार पडतो. हवेतलं पाणी वर बसतं आणि आत अडकतं.”

“मग आता?”

“आता थांबायचं.”

आठवड्याने कोरडा दिवस मिळाला तेव्हा ते स्वतः स्प्रे गन घेऊन आले. सावकाश उडणारं थिनर अगदी धुक्यासारखं मारलं. लॅकर पुन्हा मऊ झालं, पाणी निघून गेलं, काळा रंग खालून परत वर आला. पैसे घेईनात. “वाजवून दाखवा,” म्हणाले. गिटार जोडून झाल्यावर बोलावलं, पण नेमका ॲम्प्लिफायर कुणीतरी नेला होता. मी तशीच वाजवली. ते कान पुढे करून ऐकत राहिले.

“फारच हळू बोलते की हो ही,” म्हणाले.

शेवटचं काम वॉटर पेपरचं. १००० नंबरचा, मग १५००, मग २०००. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. मोठ्या सपाट भागावर ठोकळ्याभोवती गुंडाळून घासायचं आणि कडांना हात लावायचा नाही, कारण कडेवर थर सगळ्यात पातळ. हे मला पाठ आहे. तरीही दर वेळी बॉडीच्या शिंगासारख्या एका टोकाला मी लाकूड उघडं पाडतेच. पूर्वी रडू यायचं, आता तिथे छोट्या ब्रशने टच-अप करते आणि कुणी विचारलंच तर जुन्या वाद्यासारखं मुद्दाम केलंय असं सांगते. दोन डबे एकत्र करून मारायचं मोटारीचं कडक, पारदर्शक क्लिअर मी घरी वापरत नाही. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट. चकाकी थोडी कमी चालेल.

या पाचवीचा निळा मोटारीचा नाही, स्कूटरचा आहे. मिरजेला घरामागे बाबांची जुनी स्कूटर पडून आहे, तिच्या डिकीचं झाकण घेऊन रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने नुसत्या नजरेने रंग मिळवला. घरी येऊन बघते तर झाकणापेक्षा चांगलाच गडद. परत द्यायला निघाले होते, मग झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला, जिथे चाळीस वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथे थेट हाच निळा होता.

शेवटचा हात मारून आज एकोणीस दिवस झाले. लॅकर हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतून सुकायला तीन-चार आठवडे घेतं. तोवर घासलं तर पुढे थर आक्रसून लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात. सुकलं की नाही ते कळायची रीत एकच, नाक लावून बघायचं. थिनरचा वास येतोय तोवर थांबायचं. हे घरात कळल्यापासून येताजाता जो तो वास घेतो. लेक शाळेत जाताना घेते, नवरा फोनवर बोलता बोलता घेतो.

काल सासूबाई पूजा आटपून बाल्कनीत आल्या. लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडून बघावं तसं त्यांनी त्या निळ्या धडाजवळ वाकून, डोळे मिटून नाक नेलं.

“मुरली नाही गं अजून,” म्हणाल्या आणि दांडीवरचे उशांचे अभ्रे वाळलेत का ते चाचपू लागल्या.