ओरडणाऱ्याचं शेवटी

मंगळवार, रात्री उशिरा

आज महिन्याचा हिशेब वहीत उतरवला. घरची वीज, वर्कशॉपची वीज, गॅस, दूध, पोराची फी, सगळं भरून झालंय. घरखर्चाच्या पानावर खाली ‘बाकी’ म्हणून काही लिहावं लागलं नाही. कर्जाचं पान वेगळं, ते अजून बरंच चालेल. पण हे एक पान स्वच्छ झालं आणि मला रडू आलं. हे शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, वही घेऊन दोनदा वाचली फक्त.

उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, यायचं, हे लेथवर मशीनिंग करून द्यायचे, पैसे महिन्या-दीड महिन्यानं. सगळ्यात जास्त काम देणाऱ्या कंपनीनं बिलं अडकवली आणि घराचं गणितच बसेना. कामगाराचा पगार थांबवायचा नाही यावर आम्ही दोघंही ठाम होतो. त्यामुळं घरखर्च क्रेडिट कार्डावर गेला, कर्जाचे हप्ते परत जायला लागले. हप्ता बाउन्स झाला की आपली बँक वेगळा दंड लावते आणि कर्ज देणारी वेगळा. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता गेला नाही, आणि हप्ता गेला नाही म्हणून आणखी पैसे कापले जातात.

त्या दिवसांत वन्सं इचलकरंजीहून आल्या. पतसंस्थेच्या काउंटरवर त्यांची सगळी नोकरी झालेली, त्यामुळं थकबाकीदार त्यांनी जवळून पाहिलेत. चहा घेतला आणि म्हणाल्या, “सगळी बिलं आण, एकपण लपवू नको.” स्वयंपाकघरात फरशीवर सगळे कागद मांडले. “आधी चूल, मग दिवा, मग छप्पर, मग पोराची शाळा. ओरडणाऱ्याचं शेवटी.”

मला ते पटायला वेळ लागला. माणसाची ओढ उलटी असते. फोनवर जो वाईट बोलतो त्याचं तोंड आधी बंद करावंसं वाटतं, आणि गप्प बसणारा दूधवाला मागं राहतो. पण कार्डाचे पैसे राहिले तर व्याज आणि दंड लागतो, आणि सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, खराब होतं. वीज गेली तर लेथ बंद, आणि लेथ बंद झाल्यावर कार्डाचे पैसे तरी कुठून येणार? एवढं कळल्यावर मला त्या फोनांची भीती वाटेनाशी झाली. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 साली स्पष्ट केलेलं आहे. रात्री नऊला फोन आला तेव्हा मी तेवढंच शांतपणे सांगितलं आणि बोलणाऱ्याचं नाव विचारलं. पलीकडून फोन ठेवला.

विजेचं बिल घेऊन आम्ही स्वतःच ऑफिसात गेलो. वीज कायदा 2003, कलम 56 प्रमाणं थकबाकीसाठी कनेक्शन तोडायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीची वाट न बघता अर्ज दिला, थोडी रक्कम तिथंच भरली, उरलेली हप्त्यानं बांधून मिळाली. गृहकर्जाच्या शाखेतही तसंच, हप्त्याच्या तारखेआधी लेखी अर्ज केला. मुदत वाढली, हप्ता उतरला. एकूण व्याज जास्त जाणार हे खरंच, पण छप्पर राहिलं.

मग सोनं. माझा कोल्हापुरी साज आणि पाटल्या दोन्ही घेऊन बँकेत गेले. तिथल्या सराफानं साज हातात घेतला, एकेक पान उलटून बघितलं आणि म्हणाला, “ताई, यात लाख भरलीय. वजन दिसतंय तेवढं सोनं धरता येणार नाही.” पाटल्या मात्र कसोटीवर घासल्या, त्या बारीक पिवळ्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला, काट्यावर ठेवल्या आणि लगेच आकडा सांगितला. साज परत घरी आला. तो आईनं दिलेला, त्यामुळं मला बरंच वाटलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. सोनेतारणाचं त्याच्या पाव भागाच्या आसपास. पाटल्यांच्या पैशातून कार्ड जेवढं खाली आणता येईल तेवढं आणलं. कार्डवाले ‘सेटलमेंट’ करा, कमी भरा म्हणत होते. आम्ही नको म्हटलं. सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा पडला की पुढं मशीनसाठी कर्ज मागताना तोच आडवा येतो.

गल्लीतल्या एकानं मधेच शेकडा दहानं पैसे देणारा माणूस सुचवला होता. महिन्याला दहा! वन्संनी एकच विचारलं, “परवाना आहे का त्याच्याकडं?” 2014 च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडं करता येते. विषय तिथंच संपला. या शहरात अशा व्याजापायी घरं गेलेली मी पाहिलीत, म्हणून हे इथं मुद्दाम लिहून ठेवते.

खरा प्रश्न अडकलेल्या बिलांचा होता. लहान उद्योग म्हणून आमची सरकारकडं ‘उद्यम’ नोंदणी होती. 2006 च्या कायद्याप्रमाणं लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. यांचा जीव अडकत होता, “पत्र दिलं तर काम बंद करतील.” मी म्हटलं, “पैसे न देणाऱ्याचं काम चालू राहून तरी काय उपयोग?” यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी साध्या भाषेत, बिलांच्या तारखा घालून पत्र गेलं. मार्चमध्ये तिकडच्या अकाउंटंटचाच फोन आला. आयकराच्या नियमानं मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेली अशी रक्कम त्यांना त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. निम्म्याहून जास्त पैसे आले. कामगाराची राहिलेली रजेची रक्कम त्यातूनच आधी दिली, मग दूधवाला.

आता तीच कंपनी नवीन ऑर्डर द्यायला तयार आहे. हे म्हणतात, घेऊया, मंदीत काम नाकारायचं नसतं. त्यांचंही चुकत नाही, बंद लेथ बघणं त्यांना सोसत नाही. पण जेवताना मी सांगून टाकलं: जुनी बाकी चुकती होईपर्यंत त्यांचं कास्टिंग आपल्या दारात उतरवायचं नाही, आणि नंतरही निम्मे पैसे आगाऊ. बराच वेळ विचार करून हे हो म्हणाले. उद्या तसं कळवणार आहेत. जाताना पाटल्यांचं व्याजही भरून येतील.