तीन पाण्यांत धुतलेला रुमाल

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेत, कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तशरीर झालेली भाकर घेण्याची, रांग लागली की मी चेहरे बघत नाही, हात बघतो. डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली. फादर म्हणतात, 'ख्रिस्ताचं शरीर', माणूस म्हणतो, 'आमेन', आणि उजव्या हाताने होस्ट, म्हणजे ती भाकरीची पातळ चकती, उचलून तिथल्या तिथे तोंडात घालतो. हात तोंडाकडे न जाता खाली आला की मी जागचा हलतो. होस्ट घेणाऱ्याने देणाऱ्याच्या समोरच सेवन करावी, याकडे लक्ष ठेवा, असं 2004 मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलंय. पुण्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये मी पगारी सॅक्रिस्टन आहे, आणि हे लक्ष ठेवणं माझ्याकडे आहे.

सॅक्रिस्टन म्हणजे घंटा वाजवणारा आणि मेणबत्त्या लावणारा, असा बाहेरच्यांचा समज असतो. तेही करतो. पण खरं काम धुण्याचं. वेदीवर अंथरतात तो चौकोनी कॉर्पोरल आणि चालिस, म्हणजे ख्रिस्तरक्ताचा पेला, पुसायचा प्युरिफिकेटर ही कापडं धोब्याकडे किंवा मशीनमध्ये थेट जात नाहीत. त्यांवर ख्रिस्तशरीराचा कण किंवा ख्रिस्तरक्ताचा थेंब असू शकतो. म्हणून आधी वेगळ्या भांड्यात साध्या पाण्यात भिजवायची, हाताने खळबळायची आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओतायचं. सॅक्रेरियम म्हणजे सॅक्रिस्टीतलं, वेदीचं सामान ठेवायच्या खोलीतलं, एक छोटं बेसिन. दिसायला चारचौघांसारखंच, पण त्याचा पाइप गटाराला जात नाही, सरळ जमिनीत उतरतो. आमचा मागच्या भिंतीतून बाहेर पडून सीताफळाच्या झाडाशेजारी मातीत जातो.

मध्यंतरी दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसाने हा पाइप मोठ्या तत्परतेने ड्रेनेजला जोडून दिला. 'दादा, तुमचा पाइप उघडाच सोडलेला होता, बरं झालं मी बघितलं.' वर नव्या टाइल्स बसल्या होत्या. मी त्या फोडायला लावल्या. समितीतल्या एकाने खर्चाचा कागद माझ्यासमोर नाचवला: 'एका बेसिनसाठी?' हेच गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आराधनेच्या तासाला माइकवरून मोठ्ठी प्रार्थना म्हणतात. मी काही बोललो नाही. पाइप मात्र परत मातीत गेला.

आता त्या मंगळवारचं. मंगळवार हा पादुआच्या संत अँटनींचा वार. संध्याकाळी नोव्हेना, म्हणजे संतांची ठरावीक प्रार्थना, मग मिस्सा, आणि शेवटी आशीर्वाद दिलेले छोटे पाव वाटतात. या दिवशी निम्मी गर्दी आपल्या लोकांची नसते. ताडीवाला रोड, भवानी पेठ, घोरपडी, कुठून कुठून बायका येतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात, पाव घेऊन जातात. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. या शहरातलं पहिलं चर्च 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, तेव्हा आमची ये-जा जुनीच आहे.

ती बाई रांगेत होती. चाळिशीची, हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. पुढच्यांचं बघून तिने हात बरोब्बर धरले, 'आमेन'सुद्धा म्हटलं. बदली आलेले फादर होते, त्यांनी ठेवली हातावर. ती दोन पावलं बाजूला झाली, कमरेचा रुमाल काढला, होस्ट त्यात ठेवली, घडी घातली आणि तो रुमाल दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

अशा वेळी आरडाओरडा करायचा नसतो. मी बाजूच्या दाराने निघालो आणि व्हरांड्यात तिला गाठलं.

'ताई, ते रुमालातलं परत द्यावं लागेल.'

तिला वाटलं, मी पैसे मागतोय. 'पेटीत टाकले की मी, दादा.'

'पैसे नाहीत. ते इथेच खायचं असतं. घरी नेत नाहीत.'

'सासूबाईंसाठी आहे. कंबर मोडून पडल्यात. मागच्या मंगळवारी पाव नेला होता, तो चालला. मग हे का नाही?'

याचं उत्तर मला पाठ आहे. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात मुलांना देतो तेच दिलं: पाव आशीर्वाद दिलेला असतो, पण पावच राहतो. रुमालातला हा मात्र मिस्सामध्ये पाव राहत नाही, हा प्रभू स्वतः आहे.

ती जरा थांबली. म्हणाली, 'देवच आहे म्हणता, मग तर न्यायलाच पाहिजे. म्हातारीला इथवर येता येत नाही. त्याला येता येईल की.'

तुम्ही म्हणाल, सांगायचं की बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतं. सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाद घातला नाही. फक्त रुमाल माझ्या हातात देताना म्हणाली, 'हातावर ठेवलेला प्रसाद परत घेताना मी कुणाला बघितलं नव्हतं.'

मी तिला सॅक्रिस्टीपर्यंत बोलावलं, कारण मला रुमालही हवा होता आणि तो तिला परत द्यायचा होता. मिस्सा संपवून फादर आत आले. रुमाल उघडला तर होस्टचे दोन तुकडे झालेले, एकाला हळद लागलेली. देवीची ओटी त्याच रुमालात आणलेली असणार. फादरांनी हळद झटकली नाही. दोन्ही तुकडे तसेच तोंडात घातले, वर पाणी प्यायले. या फादरांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. मिस्साला उशिरा येतात आणि प्रवचन मोबाइलवरून वाचतात. त्या मिनिटापुरतं ते बदललं.

कापडाच्या विणीत बारीक कण अडकले होते. होस्ट म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, त्यात मीठही नसतं. चिकटून बसते आणि झटकून निघत नाही. मी भांड्यात पाणी घेतलं, रुमाल बुडवला, विणीवरून अंगठा फिरवला, पाणी सॅक्रेरियममध्ये सोडलं. दुसरं पाणी. तिसरं पाणी. बाई दारात उभी राहून बघत होती. मगाशी व्हरांड्यात मी जे बोललो त्याने तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. आता ती आत आली.

'हे पाणी कुठे जातं?'

'झाडाखाली. मातीत.'

'गटारात नाही?'

'नाही.'

'निर्माल्यासारखं,' ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी बरोबरीने बोलायला लागली. 'पण चुऱ्यातसुद्धा देव असतो का?'

दिसेल एवढा कण असेल तर असतो, मी म्हटलं. पाण्यात पुरता विरघळला, भाकरीचं रूपच उरलं नाही, की मग नसतो. चर्चची शिकवण हीच आहे.

'मग पहिल्या पाण्यातच विरघळला असेल. तीनदा कशाला?'

मी म्हणालो, 'आमच्यात असंच करतात.' सगळ्या संध्याकाळीत तिला पटलेलं माझं हे एकच उत्तर. ओला रुमाल पिळून दिला, तो तिने पुन्हा कपाळाला लावला. जाताना पाव दिले, सासूबाईंचाही.

आमच्या मुख्य फादरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते रागावले नाहीत, उलट खुर्चीत मागे टेकून इतिहासात शिरले. इसवी सन 155 च्या सुमाराला रोममध्ये संत जस्टिन यांनी लिहून ठेवलंय की उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन, म्हणजे फादरांच्या खालचे धर्मसेवक, कम्युनियनचा वाटा घेऊन जात. वेदीसेवक मुलांचा आश्रयदाता संत तार्सिसियस असाच नेताना मारला गेला, असं परंपरा सांगते. 'बाईची ओढ बरोबर होती,' फादर म्हणाले, 'फक्त दार चुकलं.' त्याच आठवड्यात ते मला घेऊन तिच्या घरी गेले. एक खोली, भिंतीवर खंडोबा, शेजारी वेलांकणी माता. फादरांनी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. डोळे उघडून म्हातारीने विचारलं, 'पाव आणला का?' आणला नव्हता.

परत येताना मी फादरांना आमच्या आजाऱ्यांच्या यादीबद्दल बोललो. पहिल्या शुक्रवारी घरोघरी कम्युनियन नेण्याची सोय आपल्याकडे कधीपासून आहे. 1973 पासून तर नेमलेली प्रापंचिक माणसंही नेऊ शकतात. आजाऱ्याला कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपासाची अटही नाही. गिळता येत नसेल तर नुसता ख्रिस्तरक्ताचा थेंब चालतो. इतकं सगळं असून यादीत नावं किती थोडी! घरच्यांना सांगायला सवड नसते. फोन येतो तो आयसीयूतून, तोही अभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी. आणि एक परकी बाई सासूसाठी रुमाल घेऊन रांगेत उभी राहते.

समितीत यावर अर्थातच बैठक झाली. एकाने दारावर मोठा बोर्ड सुचवला. दुसऱ्याने मंगळवारी हातावर देणंच बंद करायला सांगितलं. तिसऱ्याला पावच बंद करायचे होते, गोंधळ त्यांनीच होतो म्हणे. मला मत विचारलं नाही, तरी मी दिलं: रुमालात नेणारी एक सापडली, पण होस्ट तोंडात चघळत थेट पार्किंगकडे जाणारे मी दर रविवारी बघतो, त्यांच्यासाठी कोणता बोर्ड लावायचा? कुणीतरी खोकलं. शेवटी ठरलं की मंगळवारी कम्युनियनच्या आधी मराठीतून सांगायचं: ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी छातीवर हात दुमडून यावं, फादर आशीर्वाद देतील. हे मला पटलं. मग विषय निघाला ख्रिस्तशरीरावरची भक्ती वाढवण्याच्या कार्यक्रमाचा, आणि उरलेला सगळा वेळ फ्लेक्सच्या मापात गेला. मॉन्स्ट्रन्सचा, म्हणजे होस्ट दर्शनाला ठेवायच्या पात्राचा, फोटो दहा फुटी हवा की बारा.

माझे वडील 1964 च्या युखरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या भक्तीसाठी भरलेल्या जागतिक मेळाव्याला, मुंबईला गेले होते, पोप सहावे पॉल आले होते तेव्हा. पोप फार लांबून दिसले, एवढंच ते त्याबद्दल सांगत. पण घरी भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तरी उचलून कपाळाला लावत, आणि आम्हा पोरांनाही लावायला लावत. फ्लेक्सच्या चर्चेत मला तेच आठवत होतं. बोललो नाही, बैठक आधीच लांबली होती.

बाई पुढच्याही मंगळवारी आली. छातीवर हात दुमडून रांगेत उभी राहिली, आशीर्वाद घेतला. मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. मी पाव काढून ठेवले होते, पण तिला पाव नको होते.

'दादा, ते पाणी पडतं तिथली थोडी माती मिळेल का? तुळशीत घालीन. म्हातारीला खाटेवरून तुळस दिसते.'

फादरांना विचारून सांगतो, म्हणालो. फादर आधी हसले, मग गप्प बसले. विरघळल्यावर काही उरत नाही, म्हणजे माती ही मातीच, असं शिकवण सांगते. पण ती मातीच असेल तर द्यायला हरकत नको, आणि मातीच आहे असं सांगून दिली तर तिला ती नको असणार. न सांगता दिली तर आपणच तिला फसवलं. 'द्यायची नाही,' फादर शेवटी म्हणाले, 'पण का नाही, ते तिला तू समजावून सांग. तुझं ऐकते ती.'

अजून सांगितलेलं नाही. परवा मंगळवार आहे.