तुम्ही विचारलंत म्हणून: दवाखान्याला कोणतं मशीन देऊ?

खेड्यातल्या दवाखान्याला मधुमेह आणि हृदयविकारासाठी मदत करायची आहे, ईसीजी मशीन देऊ की आणखी काही, असं मला सारखं विचारलं जातं. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो: आधी एक वही द्या आणि गोळ्या खंडणार नाहीत एवढं बघा.

ताप आला, जखम झाली की माणूस आपणहून येतो. बीपी आणि साखर मात्र वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाहीत. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद होते आणि पेशंट गायब. दवाखान्याची सगळी घडी आलेल्याला तपासण्यासाठी बसवलेली. न आलेला कुणाच्या खिजगणतीतच नसतो. म्हणून वहीत नावासमोर शेवटचं बीपी, साखर, चालू गोळ्या आणि पुढची तारीख हवी. तारीख उलटलेली नावं सिस्टरांनी दर आठवड्याला काढायची आणि फोन लावायचे. कंटाळवाणं काम आहे खरं, पण अर्धांगाचे झटके टळतात ते इथेच.

बीपी मोजणंही धड हवं. लांबून चालत आलेल्याला धापा टाकतानाच पट्टा बांधला, तोही बाहीवरून, वर गप्पा चालू, की आकडा फुगलाच! पाच मिनिटं बसू द्यावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी बीपी उगाच जास्त दिसतं.

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन 1957 पासून वापरात आहे. बीपीचं अम्लोडिपिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनही जुनीच औषधं. नवं शोधायचं फारसं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये ‘हार्ट्‌स’ कार्यक्रम आणला, त्याचाही भर साध्या, ठरलेल्या उपचारक्रमावर, औषधांच्या पुरवठ्यावर आणि डॉक्टर-सिस्टरांनी कामं वाटून घेण्यावर आहे. बीपी आटोक्यात असलेल्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर त्याची खेपही वाचते.

आणि प्रतिबंध? 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. पण त्यांच्या मागे पाठपुरावा करणारं माणूस होतं. नुसतं पत्रक हातात ठेवून हे होत नाही.

तरीही मशीनच द्यायचं असेल, तर बीपीचं द्या, लहान-मोठ्या पट्ट्यांसकट. साखर मोजायचं ग्लुकोमीटर दिलात तर स्ट्रिप्सचा दरमहाचा खर्चही उचला. ईसीजी मात्र तो वाचणारं कुणी आणि पेशंटला पुढे न्यायला गाडी असेल तरच.