मॉस लँडिंग : जो कोळी दिसणार नाही, त्याच्या गावी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून मॉस लँडिंग तासाभराच्या अंतरावर आहे, शनिवारची गर्दी आडवी आली नाही तर. बे एरियातली आपली मंडळी माँटेरेचं मत्स्यालय गाठायच्या घाईत हे गाव उजव्या हाताला टाकून पुढे जातात. वीजकेंद्राची दोन पाचशे फुटी धुराडी, मासेमारीच्या बोटी, आजूबाजूला स्ट्रॉबेरी आणि आर्टिचोकची शेतं, एवढंच काय ते लक्षात राहतं. आम्ही मात्र मुद्दाम इथंच थांबायचं ठरवून निघालो. इथल्या वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका कोळ्याला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, आणि तेव्हा तरी हा एक किनारा सोडून तो दुसरीकडे कुठंच माहीत नव्हता.

आधीच सांगते, तो आम्हाला दिसला नाही. तुम्हालाही दिसायचा नाही. डोंबिवलीहून आलेले बाबा गाडीत म्हणालेच, "म्हणजे दिसणार नाही हे माहीत असून निघालोय आपण?" म्हटलं, "बाबा, आषाढीला कळसाचं दर्शन घेऊन परत येता, तेव्हा मी विचारते का?" त्यावर आई हसली आणि विषय संपला.

या कोळ्याचं नाव क्रिप्टोक्टेनायझा कावटाक. जेसन बाँड हे बिळातल्या कोळ्यांचे मोठे अभ्यासक. त्यांना १९९७ मध्ये मॉस लँडिंगच्या किनाऱ्यावर एक मादी सापडली. एकच. नेहमीच्या कोळ्यांपैकी ती नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण या गटात नराशिवाय पान हलत नाही. माद्या एकीसारख्या दुसऱ्या दिसतात, खरी ओळख पटते ती नराच्या तोंडाजवळच्या अवयवांवरून. तो नर काही मिळेना. शेवटी २०१९ च्या शरदात वाळूत तोंडाशी समतल पुरून ठेवलेल्या भांड्यांमध्ये नर पडले, आणि पुढच्याच वर्षी नवी जातच नव्हे तर नवी प्रजातीही (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) जाहीर झाली. कोळ्याच्या नावातला 'कावटाक' हा भाग इथल्या मूळ रहिवासी मुत्सुन लोकांच्या भाषेतला, अर्थ 'समुद्रकिनाऱ्यावर'.

हे कोळी फार जुन्या घराण्यातले. घरात जाळं विणणाऱ्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे एकमेकांकडे मिटतात. यांचे सुळे समांतर असतात आणि वरून खाली खुपसले जातात, त्यामुळे शिकार करताना पुढचं अंग उचलावं लागतं. श्वसनाची पुस्तक-फुप्फुसं (पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर असलेली) दोन जोड्या. हवेत जाळं टांगायच्या भानगडीत हे पडत नाहीत. यांचं रेशीम बिळाला आतून गिलावा करण्यात खर्च होतं, आणि सुट्या वाळूत तो गिलावा नसेल तर बीळ ढासळायला कितीसा वेळ लागणार. यांतल्या अनेक जाती बिळाच्या तोंडावर माती-रेशमाचं झाकण बसवतात. आत बसून पायांनी थरथर ओळखायची, किडा टप्प्यात आला की झडप घालायची आणि परत आत.

मादी सहसा जन्मभर एकाच बिळात काढते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये अशाच कोळ्यांच्या बिळांवर नंबर घालून लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. त्यातली सोळा नंबरची मादी २०१६ पर्यंत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत, त्याच बिळात होती. तीही म्हातारपणाने गेली नाही, गांधीलमाशीने तिचं बीळ फोडलं होतं. कावटाकची मादी किती जगते ते मी सांगू शकत नाही, पण तुमच्या बुटाखाली आलेलं एखादं बीळ तुमच्या मुलाहून जुनं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवून वाळूवर पाय ठेवा.

आता जायचं कसं. सांता क्रूझवरून हायवे १ ने उतरलात तर समुद्र सोबतीला असतो. आम्ही १०१ ने जाऊन सॅन हुआन बाउटिस्टाला थांबून गेलो, आणि मला तोच रस्ता आवडतो. तिथलं १७९७ चं चर्च सॅन अँड्रियास भूभंगाच्या (भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या भेगेच्या) अगदी कडेला उभं आहे, आणि तो सगळा मुलूख मुत्सुन लोकांचा. भूभंगाच्या काठावर बसून आईने केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. (पिकनिकला बाकडी आहेत.) तिथून कॅस्ट्रोव्हिलमार्गे हायवे १ ला लागायचं.

मॉस लँडिंग स्टेट बीचला जायला हायवेवरून जेटी रोडवर वळा. रस्ता अरुंद आहे, एका बाजूला बंदराचं शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या, पलीकडे समुद्र. दुर्बीण हाताशीच ठेवा. बंदराच्या बाजूला समुद्री पाणमांजरं कळपाने उताणी तरंगत असतात, आणि कोळ्याने निराश केलेल्या पोरांची समजूत त्यांच्याइतकी चांगली कुणीच काढू शकत नाही. आमच्या बाबांचीही तिथंच निघाली.

टेकड्यांवर काय बघायचं? आधी पायाखालची झाडं बघा. जाडजूड पानांचं, जमिनीवर गालिच्यासारखं पसरलेलं आइसप्लँट दिसेल. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, वाळू धरून ठेवायला म्हणून लावलेलं आणि आता स्थानिक झुडपांना गिळत चाललेलं. जिथं ते काढून जुनी झुडपं परत लावली आहेत, तिथला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. वाळूतल्या बिळांचं भवितव्य या झुडपांशी बांधलेलं आहे. मुळं आणि पालापाचोळा नसला तर वाऱ्याने वाळू सरकत राहते.

वाळूत एखादं भोक दिसलं तरी ते कावटाकचंच असेल असं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनारी टेकड्यांत ॲप्टोस्टिकस नावाच्या दुसऱ्या प्रजातीचे बिळवासी कोळी राहतात, त्यांतल्या एका जातीला बाँड यांनी २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्टीफन कोल्बेअरचं नाव देऊन टाकलं आहे. याच प्रजातीतल्या, माँटेरेपासून मेक्सिकोतल्या बाहापर्यंत एकच समजल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या २०२५ मध्ये डीएनए तपासून दोन जाती निघाल्या. बाहेरून पाहून फरक सांगणं तज्ज्ञांनाही जमेना, तिथं आपण फोटो काढून 'सापडला, सापडला' करण्यात अर्थ नाही. भोकात काडी घालू नका, उकरू नका. स्टेट पार्कमधून प्राणी काय, शिंपलाभर काहीही उचलण्याआधी फलक वाचा.

मार्च ते सप्टेंबर इथं स्नोई प्लोव्हर नावाचे इवलेसे पक्षी वाळूतच अंडी घालतात. तेव्हा दोऱ्या लावून जागा बंद करतात, त्या ओलांडू नका. चालायचं तर आखलेल्या पायवाटेवर किंवा पाण्यालगतच्या ओल्या वाळूत. लाटांकडे पाठ करून फोटो काढू नका, पाणी बर्फगार आहे आणि ओढही जबरदस्त. जुलैमध्ये कॅलिफोर्नियाचं ऊन म्हणून टीशर्टवर आलात तर धुक्यात कुडकुडाल. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरा, आणि नर मादीच्या शोधात बिळाबाहेर पडतात तोही शरदातच. पण ते रात्री, आणि तेव्हा तुम्ही तिथं असणं अपेक्षित नाही.

किनाऱ्यावर उभं राहून मला सारखं त्या धुराड्यांकडे बघावंसं वाटत होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या बॅटरी साठवणीच्या इमारतीला आग लागली, लोकांना घरं सोडावी लागली, हायवे बंद झाला. आणि इकडे हाकेच्या अंतरावर एका अख्ख्या प्रजातीचा एकमेव पत्ता. कावटाकची ही प्रजाती एकेकाळी कॅलिफोर्नियात बरीच पसरलेली असावी आणि लाखो वर्षांत हवा कोरडी होत गेली तशी आटत आली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

बाबांना खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मुंबईच्या नावाचाही असा झाकणवाला कोळी आहे, आयडिऑप्स बॉम्बेएन्सिस, २००५ मध्ये नाव मिळालेला. आणि माथेरानच्या लाल मातीतल्या बिळात राहणाऱ्या एका दांडग्या कोळ्याचं वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्येच करून ठेवलंय. "आणि आम्ही तिथं नुसते घोड्यावर बसून आलो," ते म्हणाले.

आता ज्यांना जिवंत बीळ बघायचंच आहे त्यांच्यासाठी. परतताना सांता क्रूझमार्गे या आणि हेन्री कॉवेलच्या रेडवूडच्या जंगलात थांबा. तिथं वाटेकडेच्या ओलसर, सावलीतल्या मातीच्या उतारावर टरेट स्पायडरचे बुरूज शोधा. बोटाच्या पेराएवढे किंवा थोडे उंच, शेवाळ आणि झाडाच्या सुया चिकटवलेले. हाही त्याच जुन्या घराण्यातला. सपाट जमिनीवर शोधत बसू नका, उतारावर नजर तिरकी टाका. एक दिसला की आजूबाजूला बरेच दिसू लागतात. कोळी दिवसा खाली असतो, अंधारून यायला लागलं की तोंडाशी येऊन बसतो, पण दिवसाची गाडीफी भरून आलेल्यांना सूर्यास्ताला बाहेर पडावं लागतं. दाट सावलीची बाजू धरून शेवटचा तास तिथं काढा, टॉर्च सरळ बुरुजावर न मारता बाजूने धरा, आणि फाटक बंद व्हायच्या आत गाडी बाहेर काढा.