बी ते फूल: सक्युलंट पेरण्याचा माझा अनुभव

सक्युलंट, म्हणजे पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांबद्दल, सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पाणी कमी, ऊन भरपूर. वाढलेल्या झाडाला तो लागूही पडतो. पण बियांपासून रोपं करायला घेतली, की सुरुवातीचे काही महिने नेमकं याच्या उलट वागावं लागतं आणि मग हळूहळू पुन्हा त्याच सल्ल्यावर यावं लागतं. गेली काही वर्षं मी हा उद्योग करते आहे. बी उगवून येणं हा त्यातला सोपा भाग, कस लागतो तो त्यानंतर.

पान खोचलं, फांदी लावली की झाड होतं, मग बियांच्या मागे कशाला लागायचं, असं मला हमखास विचारतात. एक तर सगळीच झाडं तशी होत नाहीत. लिथॉप्स या खड्यासारख्या दिसणाऱ्या बुटक्या झाडाचं पान मातीत खोचलं तर ते नुसतं कुजतं. अडेनियम या फुलझाडाची फांदी मुळं धरते, पण बुंध्याची ती गोल फुगीर गड्डी बियांच्या रोपाला जशी धरते, तशी फांदीच्या रोपाला सहसा धरत नाही. शिवाय फांदी लावली की जुनंच झाड पुढे चालू राहतं. बियांमधून येतो तो प्रत्येक जीव वेगळा. एकाच शेंगेतल्या अडेनियमच्या बिया लावा, फुलांचे रंग एकसारखे निघतीलच असं नाही. ज्याला हवा तोच रंग हवा, त्याने कलमच घ्यावं. मला मात्र हे सोडतीचं प्रकरण आवडतं.

पेरणीत फार काही नाही. बारीक चाळलेला प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा जाडसर वाळू, त्यात थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून ते पूर्ण गार होऊ द्यायचं, म्हणजे त्यातली बुरशी आणि किड्यांची अंडी बरीचशी संपतात. अ‍ॅस्ट्रोफायटम या निवडुंगाचं बी त्यातल्या त्यात मोठं, चिमटीत धरून मांडता येतं आणि ऊब असली तर तीन-चार दिवसांत उगवतंही. लिथॉप्सचं बी म्हणजे तपकीर. श्वास रोखूनच पेरायचं, शिंक आली तर संपलं. कोरड्या बारीक वाळूत मिसळून, कागदाच्या घडीतून टिचक्या मारत पसरायचं. वर माती घालायची नाही, कारण त्याला उजेड लागतो. कुंडी खालून पाण्यात ठेवायची, पृष्ठभाग गडद झाला की उचलायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची. तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, उजेड चांगला पण थेट ऊन नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

वाळवंटी झाड दमट पिशवीत ठेवताना पहिल्यांदा हात कचरतो. पण या ठिपक्याजवळ अजून साठाच नसतो. मूळ काही मिलिमीटर, अंगात पाणी जेमतेम थेंबभर. पृष्ठभाग एक दुपार कडक वाळला तरी ते संपतं. दुसरीकडे तोच ओलावा बुरशीला, शेवाळाला आणि चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्यांना आवडतो. या माश्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. एखादं रोप काचेसारखं पारदर्शक होऊन आडवं पडलं, की चिमट्याने ते भोवतालच्या मातीसकट काढून टाकते. वाट पाहिली तर शेजारची चार जातात. शेवाळासाठी वर बारीक खडीचा पातळ थर पुरतो.

मग येतं पाणी तोडणं. आधी पिशवीचं तोंड जरासं उघडं, काही दिवसांनी पूर्ण उघडं, मग पिशवीच नाही. त्यानंतर दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत जायचं. यासाठी तारखांचं वेळापत्रक मला कधीच उपयोगी पडलेलं नाही, रोपाकडेच पाहावं लागतं. उंच, बारीक होऊन मान टाकायला लागलं तर उजेड कमी पडतोय. लालसर-तपकिरी झालं तर ऊन जास्त होतंय. कडा किंचित सुरकुतल्या तर तहान लागली आहे, आणि मोठ्या वयात ही सुरकुती चांगली असली तरी या वयात ती लांबू द्यायची नाही.

लिथॉप्सचं पहिलं पानपालट मी भिंग घेऊन बघते. सुरुवातीचं रोप म्हणजे हिरवी गुळगुळीत गोळी, डोक्यावर बारीकशी चीर. काही महिन्यांनी ती चीर रुंदावते आणि आतून पानांची खरी जोडी वर येते, माथ्यावर जाळीदार नक्षी घेऊन. जुनी गोळी आपलं पाणी नव्या जोडीला देत देत सुकते आणि शेवटी कागदासारखी पातळ होऊन खाली चिकटून राहते. पुढे दरवर्षी हेच होतं, आणि मोठ्या रोपाला त्या काळात पाणी द्यायचं नसतं. दिलं तर जुनी पानं सुकायचं नाव घेत नाहीत आणि दोन जोड्या एकमेकींत अडकून बसतात.

नक्षी उमटली की खडीत रोपं सापडेनाशी होतात. १८११ साली विल्यम बर्चेल या इंग्रज वनस्पती-अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेत विचित्र आकाराचा खडा म्हणून उचलला, तो लिथॉप्स निघाला. माझ्या हातभर ट्रेमध्ये, कुठे पेरलं हे माहीत असूनही मला शोधावं लागतं, तर त्याला काय दोष देणार!

रोपं वेगळी करायची घाई मी करत नाही. दाटीत ती बरी वाढतात, एकमेकांना टेकायला लागली की मग हलवते. तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या आसपास चिरेतून पहिली कळी येते. लिथॉप्सचं फूल दुपारी उघडतं, संध्याकाळी मिटतं. एका झाडाचे पराग त्याच झाडाला चालत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या झाडांची फुलं एकाच वेळी उघडी असावी लागतात. बारीक कुंचल्याने पराग इकडून तिकडे न्यायचे. बोंड पिकायला कित्येक महिने जातात. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा एक थेंब टाकला की त्याचे कप्पे पाकळ्यांसारखे उलगडतात, वाळलं की पुन्हा मिटतात. रानात पावसाचे थेंब पडतात तेव्हाच बी बाहेर उडतं, म्हणजे उगवायला ओल तयार असते.

युफोर्बिया ओबेसा या आणखी एका सक्युलंटने मात्र सगळ्यात जास्त वाट पाहायला लावली. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फुलं येईपर्यंत कोण काय ते कळायला मार्ग नाही. तोवर सगळीच आठ शिरांची गोल गरगरीत. फळ पिकलं की फुटून बी लांब उडतं, म्हणून मी जाळीदार कापडाच्या पिशव्याही शिवून ठेवल्या. फुललेली आत्तापर्यंतची सगळी नर निघाली. उरलेली अजून फुललेली नाहीत, पिशव्या खणात पडून आहेत, आणि मी दुसऱ्या ठिकाणाहून आणखी बी मागवलं आहे.