जखडलेला खांदा आणि कालनिर्णयाची भिंत

एक्स-रे स्वच्छ आला, तरी डावा हात पाठीमागे जाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो साखरेचा. मधुमेह आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. माझं कोपर कुशीला टेकवून धरलं आणि हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. मला वळवता येत नव्हता, तो त्यांनाही वळवता आला नाही. नुसता स्नायू दुखावला असता तर त्यांच्या हाताने तो बहुधा वळला असता. इथे सांध्याभोवतीचं आवरणच आखडलं होतं. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठी, त्यातून बाई आणि वर मधुमेह. मी सगळ्या रकान्यांत बसत होते.

आधी ठणका, मग जखडणं, मग हळूहळू सुटणं, असा याचा क्रम. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागू शकतात. ठणक्याच्या दिवसांत त्या कुशीवर झोपणं बंद. उताणं झोपून कोपराखाली उशी घेतली की जरा डोळा लागायचा. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, त्याने दुखणं उतरलं. साखर मात्र काही दिवस चढी राहिली. डॉक्टरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

खरं काम फिजिओथेरपीचं. तिथल्या करंटच्या मशीनवर पडून राहायला बरं वाटतं, पण खांदा सुटतो तो घरी केलेल्या व्यायामाने, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आधी दहा-पंधरा मिनिटं शेक. मग ओट्यावर उजवा हात टेकून वाकायचं आणि डावा हात लोंबता सोडायचा. मी तो गोल फिरवायला लागले की फिजिओ ताई म्हणायच्या, “हात नाही काकू, कंबर हलवा. हात आपोआप झुलेल.” मग उताणं पडून दोन्ही हातांत लांब दांड्याची छत्री आडवी धरायची, कोपरं कुशीला चिकटलेली, आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचं.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी कालनिर्णयापाशी करायचे. सुरुवातीला बोटं पानाच्या खालच्या कडेलाच अडायची. एकदा थेट वरच्या रविवारच्या ओळीपर्यंत पोचले, तर ताईंनी आरसा धरला: हात नव्हे, अख्खा खांदाच कानाला भिडला होता! तो खाली दाबून धरल्यावर बोटं पुन्हा बुधवारवर उतरली.

ताण जाणवला तर चालेल, कळ नको. आणि दुखणं रात्रीपर्यंत रेंगाळलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी, हा ताईंचा नियम. आमच्या एका मावशींनी तेल लावून हिसका देणाऱ्याचा पत्ता दिला होता. ठणका चालू असताना खांद्याला हिसका? मी गेले नाही.

हात वर जायला लागला, अंबाडा जमू लागला. पाठीमागचं मात्र सगळ्यात हट्टी. पंचा पाठीवरून सोडून उजव्या हाताने वर ओढायचा, तसा डावा थोडा थोडा सरकतो. ब्लाउजच्या पट्टीपर्यंत अंगठा आला आहे, पुढे अजून नाही. काहींना पुढे दुसरा खांदाही धरतो, असं ताईंनी बजावलंय. त्यामुळे हल्ली भिंतीवर दोन्ही हात चढतात.