फोटोंसाठी लिनक्स मशीन: ग्राफिक्स कार्ड बसलं

बोर्ड, रायझन ९ ७९०० हा प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम आधीच बसली होती. आता १२ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आलं आणि डेबियन १२ या लिनक्सवर डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने पळायला लागलं.

त्यापेक्षा वेगवान पण ८ जीबीचं कार्ड का नाही घेतलं? हिशोब मांडतो. डार्कटेबल आत प्रत्येक पिक्सेलसाठी ३२ बिटांचे चार आकडे धरतं, म्हणजे पिक्सेलमागे १६ बाइट. २४ मेगापिक्सेलचा फोटो झाला ३८४ एमबी, ४५ मेगापिक्सेलचा ७२० एमबी. मॉड्यूलला, म्हणजे फोटोवर एकेक प्रक्रिया करणाऱ्या भागाला, आत येणारी एक प्रत लागते, बाहेर जाणारी एक. ‘डिफ्यूज ऑर शार्पन’सारखी जड मॉड्यूल्स मधल्या कामासाठी आणखी प्रती मागतात. कार्डाची मेमरी पुरली नाही की फोटोचे तुकडे पाडून काम होतं. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, तोच भाग दोनदा मोजला जातो आणि वेगवान कार्डाचा वेग तिथेच वाया जातो. म्हणून माझं मत ठाम आहे: आधी मेमरी बघा, मग वेग.

ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. डेबियनवर नुसता एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून भागत नाही, ‘एनव्हिडिया-ओपनसीएल-आयसीडी’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं; डार्कटेबल ओपनसीएलमार्फतच कार्डाकडून काम करून घेतं. मग टर्मिनलमध्ये ‘डार्कटेबल-सीएलटेस्ट’ चालवा. कार्डाचं नाव आणि मेमरी दिसली की गंगेत घोडं न्हालं.

कसोटीला भंडारदऱ्याचे काजव्यांचे फोटो घेतले. आयएसओ ३२००, काळ्याकुट्ट झाडीत नुसता नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. नॉइज काढणारं ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ मॉड्यूल नॉन-लोकल मीन्स या पद्धतीवर ठेवलं. यात प्रत्येक ठिपक्याभोवतीचा चौकोन आसपासच्या चौकोनांशी ताडून बघितला जातो, त्यामुळे नुसत्या प्रोसेसरवर स्लायडर हलवला की वाट बघत बसावं लागायचं. आता १०० टक्के झूमवरही चित्र हाताबरोबर बदलतं. झाडीतला नॉइज गेला, काजव्यांचा पिवळसर हिरवा रंग तसाच राहिला. फार समाधान वाटलं!

रॉथेरपी हे फोटोंचं दुसरं सॉफ्टवेअर मात्र ग्राफिक्स कार्ड वापरत नाही. तिथे रायझनचे १२ कोअर कामाला येतात.

पुढचं काम मॉनिटरचं. रंग अचूक दिसावेत म्हणून आर्जिलसीएमएस आणि डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरने त्याचं रंगांचं प्रोफाइल बनवणार, तूर्तास एक्स११ या लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले प्रणालीवरच.